ओक लावावा की विलो? थोडं मुळापासून

मागच्या मे महिन्यात वळवाच्या एका सरीत आमच्या पाषाणच्या सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. खाली दोन स्कूटर होत्या, माणूस सुदैवाने कोणी नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं आली, यांत्रिक करवतीने तासाभरात तुकडे करून गेली, आणि आवारात एक मोकळी, भगभगीत उन्हाची जागा उरली. पुण्यात पावसाळ्याच्या तोंडाला झाडपडीच्या बातम्या दरवर्षीच येतात. पण आपल्या फाटकातलं झाड पडलं की माणूस बातमी जरा नीट वाचतो.

त्या जागी आता काय लावायचं, यावर मीटिंग झाली. ए विंगमधल्या काकांचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. काका म्हणाले, "ओक लावू या. तीनशे वर्षं टिकतो." बी विंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "काका, तोवर सोसायटीचं चार वेळा रीडेव्हलपमेंट होईल. विपिंग विलो लावा, पटकन वाढतो. उरुळीकडच्या नर्सरीत मी स्वतः बघितलाय." मी कुंड्यांमध्ये माती कालवत असतो, एवढ्या भांडवलावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांचं हे टिपण आहे, थोडं वाढवलेलं.

दोघांची ओळख आपल्याला आधीपासून आहे

पुण्यातल्या कुठल्याही मैदानावर सीझन बॉलने सामना चालू असेल, तर तिथे ओक आणि विलो दर चेंडूला एकमेकांवर आपटत असतात. बॅट विलोच्या लाकडाची असते, मग ती इंग्लिश विलो असो की काश्मीर विलो. आणि चेंडूच्या पोटात, सुताच्या गुंडाळ्यांच्या आत, बुचाचा गाभा असतो. हे बूच म्हणजे भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एका ओकची साल. झाड न तोडता ती साल साधारण नऊ-नऊ वर्षांनी सोलून काढतात.

ओक म्हणजे एक झाड नव्हे, झाडांचं मोठं घराणं आहे. शास्त्रीय नाव क्वर्कस, आणि त्यात साडेचारशेच्या आसपास जाती. ओळखायची सोपी खूण म्हणजे फळ. टोपी घातलेल्या सुपारीसारखं दिसतं ते. कार्टूनमधली खार जे घेऊन पळत असते, तेच. विलोच्या घराण्याचं नाव सॅलिक्स, त्यातही चारशेच्या आसपास जाती. पानं बहुधा लांबट आणि निमुळती, फुलं मांजराच्या शेपटीसारख्या छोट्या तुऱ्यांची, आणि नर-मादी झाडं वेगळी. विलोच्या सालीतल्या कडू द्रव्याचा माग काढत रसायनशास्त्रज्ञ सॅलिसिलिक आम्लापर्यंत पोचले आणि तिथून पुढे अ‍ॅस्पिरिन आली. म्हणजे डोकेदुखीच्या गोळीच्या वंशावळीतही विलो आहे.

एक वाडा, एक मांडव

दोन्ही झाडांपुढे प्रश्न एकच असतो: पानांनी कमावलेली साखर खर्च कशावर करायची? उत्तरं मात्र उलटी आहेत.

ओक वाडा बांधतो. आधी जोतं, मग सागवानी खांब, मग माडी. बी रुजलं की ते पहिलं मूळ खाली ढकलतं आणि वर दिसायला फारसं काही नसतं. पुढेही वर्षाला फूट-दीड फूट वाढ झाली तरी पुष्कळ. इंग्लंडमधला नेहमीचा ओक पहिली फळं धरायलाच चाळीस वर्षांच्या आसपास घेतो. पण जे लाकूड तयार होतं ते घट्ट. वाळल्यावर घनमीटरला सातशे किलोच्या घरात जातं, म्हणजे आपल्या सागाच्याही थोडं वर. त्यात टॅनिन भरलेलं असतं. टॅनिन म्हणजे कडक चहाने जीभ ओढल्यासारखी करणारं द्रव्य. किडीला आणि बुरशीला ते आवडत नाही. म्हणून ओक शतकं काढतो.

विलो मांडव घालतो. गणपतीत चार दिवसांत चौक भरून जातो ना, तसा. भरपूर पाणी मिळालं तर तरुण विलो वर्षात सहा-आठ फूटही चढतो. दहा वर्षांत छान, झुकलेली, पाण्यावर टेकलेली छत्री तयार. लाकूड हलकं आणि मऊ, ओकच्या जेमतेम साठ टक्के वजनाचं. बॅटला तेच हवं असतं: चेंडू लागला की दबावं, पण चिरू नये. झाड म्हणून मात्र याची किंमत मोजावी लागते. फांद्या तुटतात, खोडाला कीड-बुरशी लवकर लागते, आणि बागेतला विपिंग विलो बहुधा तीस ते पन्नास वर्षांत आटोपतो.

बियांतही हाच फरक. ओक आपल्या पोराला डबा भरून देतो. त्या सुपारीएवढ्या फळात रोपाला पहिले काही महिने पुरेल इतकं अन्न असतं. विलोचं बी कापसाच्या तंतूवर बसून रिकाम्या हाती निघतं आणि काही दिवसांत ओली, मोकळी माती मिळाली नाही तर संपतं. त्याचा भरवसा संख्येवर असतो.

तुटतो, म्हणजे कच्चा झाला का?

वहिनींचा हा प्रश्न मला आवडला. माणसाला झाडाची तुटलेली फांदी म्हणजे दोष वाटतो. विलोच्या बाजूने बघा. तो नदीकाठचा. तिथे दर दोन-चार वर्षांनी पूर येणार, काठ खचणार, गाळाचे नवे पट्टे तयार होणार. अशा जागी तीनशे वर्षांचा वाडा बांधण्यात शहाणपण नाही. युरोपात एक विलो आहे, त्याच्या बारक्या फांद्या बुडातून टक्कन सुटतात. पुराबरोबर त्या वाहत जातात, कुठल्या तरी गाळात अडकतात आणि तिथे मुळं धरतात. विलोच्या फांदीत, सालीच्या आत, मुळांचे कोंब आधीपासून झोपलेले असतात. ओल मिळाली की जागे होतात. म्हणजे तुटणं हा त्याचा पसरायचा एक मार्गच आहे.

नदीकाठी जो गुण, तो पार्किंगच्या डोक्यावर दोष. झाड तेच, जागा बदलली. पुण्यातली पुष्कळशी झाडपड याच हिशेबाची आहे: लवकर सावली मिळावी म्हणून भराभर वाढणारी झाडं रस्त्याकडेला लावली, मग त्यांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं, केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली, आणि वाऱ्याला नावं ठेवली. आमच्या गुलमोहराच्या खड्ड्यात मी डोकावून पाहिलं होतं. इमारतीकडच्या बाजूला मनगटाएवढी तीन मुळं सरळ रेषेत कापलेली होती, जुन्या जखमा, काळ्या पडलेल्या. दोन वर्षांपूर्वी तिथे पाण्याची नवी लाइन टाकली तेव्हा आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो.

"पण नर्सरीत तर दोन्ही मिळतात!"

मिळतात, म्हणजे त्या नावाच्या चिठ्ठ्या मिळतात. मी वहिनींबरोबर सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंत गेलो. त्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे.

आधी ओक. पुण्यात जो विकला जातो आणि शाळा-कॉलेजांच्या आवारांत जो उंच उभा दिसतो, तो सिल्व्हर ओक. (वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे नाव ऐकून आधी मुंबईतला शरद पवारांचा बंगला आठवणार, त्याला इलाज नाही.) हा ओक नव्हेच. त्याचं शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया, मूळ गाव पूर्व ऑस्ट्रेलिया. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तो आपल्याकडे आला आणि राहिला. लाकडाची नक्षी ओकसारखी दिसते म्हणून गोऱ्या सुतारांनी नाव ठेवलं, एवढंच नातं. पान उलटून बघा: वरून हिरवं, नेचासारखं कातरलेलं, खालून रुपेरी. फुलं नारिंगी, कंगव्यासारखी. टोपीवाली सुपारी या झाडाला कधीही लागणार नाही. त्याची फळं छोट्या चपट्या होडीसारखी असतात. झाड देखणं आहे, पण जोराच्या वाऱ्यात फांद्या टाकतं. काका ज्या भरवशासाठी ओक म्हणत होते, तोच इथे नाही.

मग विलो. वहिनींनी दाखवलेलं रोप खरंच सुंदर झुकलेलं होतं. मी एक पान चुरगळून त्यांच्या नाकाजवळ धरलं. निलगिरीच्या भाऊबंदांचा तो औषधी वास आला. शेजारच्या मोठ्या रोपाला बाटली धुण्याच्या ब्रशसारखं लाल फूल होतं. बॉटलब्रश. झुकणारा असतो म्हणून चिठ्ठीवर 'विपिंग' आणि पुढे मालकाला जे सुचलं ते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, लोक विलोच मागतात, मग आम्ही विलो देतो." यात फसवणुकीपेक्षा व्यवहार जास्त होता.

आणि नावांचा हा घोळ पुण्यात सुरू झालेला नाही. खऱ्या विपिंग विलोचं शास्त्रीय नाव सॅलिक्स बॅबिलोनिका. वाटेल की बॅबिलोनचा. तो मूळचा चीनचा. बायबलमध्ये बॅबिलोनच्या नदीकाठच्या ज्या झाडांचा उल्लेख आहे ती हीच, असं समजून अठराव्या शतकात लिनिअसने हे नाव दिलं. ती झाडं बहुधा पॉप्लरची होती. आपण तरी काय करतो? रस्त्याकडेच्या त्या उंच हिरव्या सुळक्याला अशोक म्हणतो, आणि सीतेचा खरा अशोक समोर आला तर ओळखत नाही.

बरं, खरे आणून लावले तर?

इथे काकांचा आक्षेप होता: "हिमालयात ओक आहेत ना? मग पुण्यात का नाही?" आहेत. उत्तराखंडात, हिमाचलात बारा-तेराशे मीटरपासून चोवीसशे मीटरपर्यंत बांज नावाच्या ओकची जंगलं आहेत, आणि तिथली माणसं गावच्या झऱ्यांचा संबंध बांजाशी जोडतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. सह्याद्रीत एकही ओक मुळातून उगवत नाही. लाखो वर्षांत जे बी इथे रमलं नाही, ते सोसायटीच्या ठरावाने रमेल अशी आशा मी करत नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. थंड प्रदेशातली झाडं हिवाळ्यात झोपतात. याला सुप्तावस्था म्हणतात. झोपायचं कधी आणि उठायचं कधी, हे ती दोन घड्याळांवर बघतात. एक घड्याळ दिवसाच्या लांबीचं. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षा छोटा होतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा. पुण्यात सर्वांत छोटा दिवस अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेराचा. आपल्याकडे हे घड्याळ जवळजवळ बंदच आहे म्हणा. दुसरं घड्याळ थंडीचं. साधारण सात अंशांखालचे तास शेकड्यांनी मोजून झाले की झाड म्हणतं, हिवाळा संपला, आता पालवी फोडू. पाषाणला जानेवारीत पहाटे कानटोपी लागते हे खरं, पण दुपारी आपण पंखा लावतो. इंग्लंडच्या ओकला हा हिवाळा कळणारच नाही. रात्रभर कोणी दर तासाला दिवा लावून बंद करत राहिलं तर आपली जशी झोप होईल, तशी त्याची होते. मग पालवी अर्धवट, अवेळी. आणि वर एप्रिलचं चाळीस अंशांचं ऊन.

सगळे ओक थंडीचे नाहीत. उष्ण, दमट प्रदेशातलेही आहेत. पण काकांच्या मनातला, मुलाच्या घरामागचा तो ओक पक्का थंड हवेचा आहे. खऱ्या विपिंग विलोला एवढी थंडी लागत नाही. सतत पाणी दिलं तर तो मैदानी प्रदेशातही जगतो. पण पुण्यात नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाऊस नावालाच, आणि त्या काळात विलोची तहान टँकरच्या पाण्याने भागवायची हे मला तरी पटत नाही.

"मुलगा दिवाळीत येतोय, खिशातून चार फळं घेऊन येईल," काका म्हणाले. नको. एक तर ही फळं वाळली की मरतात. गव्हासारखी डब्यात भरून ठेवता येत नाहीत. दुसरं, परदेशातून बी-रोप आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि तिकडच्या सरकारचा निरोगीपणाचा दाखला लागतो. संगरोध म्हणजे रोग आत येऊ नये म्हणून दारात अडवून तपासणं. कोविडनंतर हा शब्द वेगळा समजवायला नको. ओकला मारणारे बुरशीसारखे रोग रोपांबरोबर आणि मातीबरोबर देशोदेशी फिरलेले आहेत. खिशातल्या चार फळांचा खेळ बांजाच्या जंगलाला महाग पडू शकतो.

मुळं घर पाडतात का?

मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त आवाज या मुद्द्यावर चढला. आणि ओक-विलोची तुलना पुण्यात खरी उपयोगी पडते ती इथेच, झाड कुठलंही लावा.

पहिली गोष्ट, मुळांबद्दलचं आपलं चित्र चुकीचं आहे. जमिनीवर जसं झाड, तसंच उलटं जमिनीखाली, असं आपण शाळेत काढतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. ताटात उभा ठेवलेला पेला डोळ्यांसमोर आणा. पेला म्हणजे खोड आणि फांद्या, ताट म्हणजे मुळं. ओकचं ते खोल सोटमूळसुद्धा मुख्यतः लहानपणीचं. मोठेपणी तोही ताटावरच उभा असतो. म्हणून बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवणं म्हणजे ताटावर झाकण ठोकणं.

दुसरी गोष्ट, मूळ सहसा भिंत ढकलून पाडत नाही. ते भिंतीखालचं पाणी पितं. लंडनची माती चिकणमातीची आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात मोठं झाड पायाखालचं पाणी ओढून घेतं, पायाचा एक कोपरा खाली बसतो आणि भिंतीला तिरकी भेग जाते. १९७० च्या दशकात क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाने अशा तक्रारींची पाहणी केली. त्यात नुकसान झालेली इमारत ओकपासून जास्तीत जास्त तीस मीटरवर आणि विलोपासून चाळीस मीटरवर सापडली. ही टोकाची उदाहरणं आहेत, बहुतेक प्रकरणं याहून बरीच जवळची होती. पण चाळीस मीटर म्हणजे एकशे तीस फूट. आमच्या आवाराची लांबी एवढी नाही.

आता पुण्याकडे या. हडपसर-लोणीकडे काळी माती आहे, तीही अशीच श्वास घेते: पावसात फुगते, मेमध्ये बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. तिथे जुन्या, उथळ पायाच्या घराशेजारी पाणीपिऊ झाड लावताना लंडनचा धडा लागू पडतो. पाषाण-कोथरूडच्या टेकड्यांकडे चार फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. तिथे पाया खचायची भीती कमी, पण झाडाच्या मुळांना ताट फार उथळ मिळतं. म्हणून तिथे प्रश्न घर पडण्याचा नाही, झाड पडण्याचा आहे.

आणि ड्रेनेज? मूळ धडधाकट पाइप सहसा फोडत नाही. पाइप सांध्यात गळत असेल तर ती ओल मुळाला सापडते, केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आत गेल्यावर त्याचा दोरखंड होतो. विलो यात पटाईत. आमच्याकडे टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ वहिनींना विलो हवा होता, म्हणजे चोराला तिजोरीशेजारी खोली देण्यासारखं.

आपला विलो: वाळुंज

वहिनी जरा हिरमुसल्या होत्या. तेव्हा मी त्यांना सांगितलं की खरा विलो पुण्यात आहे, आणि फार पूर्वीपासून आहे. त्याचं नाव वाळुंज.

हो, आपल्या जिल्ह्यात आडनावात भेटतं तेच नाव. सॅलिक्सच्याच घराण्यातला, टेट्रास्पर्मा जातीचा. टेट्रास्पर्मा म्हणजे चार बियांचा. मुळा-मुठेच्या काठाने, सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या कडेने तो उभा असतो. गेली काही वर्षं नदीकाठच्या सुशोभीकरणावरून जो वाद चाललाय, त्यात 'वाळुंज' हे नाव अधूनमधून येतं आणि बहुतेकांना वाटतं, कुठल्या तरी गावाबद्दल चाललंय. पान लांबट, वाऱ्याने उलटं झालं की खालची फिकट, पांढुरकी बाजू चमकते आणि लांबून सगळं झाड हललेल्या पाण्यासारखं दिसतं. विपिंग विलोइतकं झुकत नाही. पण पुरात वाकतं, पाणी ओसरल्यावर गाळ अंगावर घेऊन तिथेच उभं असतं, आणि मुळांच्या जाळ्याने काठ धरून ठेवतं. कॉमन लेपर्ड नावाचं नारिंगी, ठिपक्याठिपक्यांचं फुलपाखरू ज्या मोजक्या झाडांवर अंडी घालतं, त्यांत वाळुंज आहे.

पुरात मोडून काठावर पडलेली एक फांदी मी घरी आणली. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब. जॅमच्या बाटलीत पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. आठवड्याभरात पाण्याखालच्या सालीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उठले. आणखी चार दिवसांत त्या कण्या फुटून दोऱ्यासारखी मुळं लोंबायला लागली. ना खत, ना हार्मोनची पूड. वहिनींचा धाकटा रोज शाळेतून आला की बाटली उचलून बघायचा.

तरीही वाळुंज सोसायटीच्या मधोमध लावायचा नाही. घराणं तेच, सवयी त्याच. त्याला ओढा, तळं, शेताच्या बांधाची कायम ओली कड हवी. जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन हे त्याचे शेजारी. ज्यांची गावाकडे ओढ्याला लागून जमीन आहे त्यांनी जरूर लावावा.

मग ओकच्या जागी कोण?

काकांना जे हवं होतं, म्हणजे पिढ्या ओलांडणारं आयुष्य, ते देणारी झाडं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मोकळं मैदान असेल तर वड, चिंच, आंबा. कोरड्या मुरमाड जागी कडुनिंब. पण सोसायटीच्या छोट्या आवारात मला विचाराल तर बकुळ. सदाहरित, दाट, लाकूड कठीण, आणि वाढ इतकी सावकाश की पाच वर्षांनीही शेजारी विचारतात, "हे अजून एवढंच?" फूल वाळलं तरी वास सोडत नाही. वहिनींच्या झुकलेल्या फांद्यांच्या हौसेसाठी पुत्रंजीव आहे. त्याच्या डहाळ्या खाली लोंबतात, पान गर्द चकचकीत, आणि शिस्तीत राहतो. रंग हवा असेल तर बहावा किंवा तामण.

रोप घेताना बारा फुटी तयार झाडाच्या मोहात पडू नका. कुंडीत वर्षानुवर्षं राहिलेल्या झाडाची मुळं गोल गोल फिरून गुंता करून बसलेली असतात. जमिनीत गेल्यावरही ती गोलच फिरत राहतात आणि वादळात झाड बुंध्यातून उपटलं जातं. तीन-चार फुटांचं रोप, इमारतीपासून पंधरा-वीस फूट दूर, जूनच्या दोन चांगल्या सरी झाल्यावर, आणि पुढचे दोन उन्हाळे न चुकता पाणी. दोन उन्हाळे हा भाग सगळे विसरतात. फोटो पहिल्या दिवशीच निघालेला असतो.

"परदेशी म्हणजे वाईटच का?"

असं मी म्हणत नाही. आमटीतली चिंचच मुळात आफ्रिकेतून आलेली. प्रश्न पासपोर्टचा नाही, ओळखीपाळखीचा आहे. ब्रिटनमध्ये कोणत्या झाडावर किती प्रकारचे कीटक जगतात, याची १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजदाद आहे. विलोच्या घराण्यावर ४५०, ओकवर ४२३. गंमत म्हणजे मांडववाला वाडेवाल्याच्या थोडा पुढेच आहे. पण हे आकडे त्या मातीतल्या हजारो वर्षांच्या शेजाराचे आहेत. ओक उचलून पाषाणला आणला तर ४२३ पाहुणे त्याच्यामागून विमानाने येत नाहीत. उंबरावर जो पक्ष्यांचा कालवा असतो तो त्याच्याभोवती व्हायला हवा असेल, तर आधी पुष्कळ काळ जावा लागेल.

"आणि सावली आत्ता हवी असेल तर?"

हा आक्षेप सगळ्यात खरा. मे महिन्यात गाडीत बसणाऱ्याला बकुळीची वीस वर्षांनंतरची सावली सांगून उपयोग नाही. त्यावर माझं उत्तर साधं आहे: सावलीसाठी मांडवच घाला, पण तो वेलीचा. लोखंडी सांगाडा मधुमालतीची वेल दीड-दोन वर्षांत झाकून टाकते. झाड मोठं झालं की सांगाडा भंगारात. लवकर वाढणारं झाडच लावून "नंतर काढून टाकू" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांचा कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं.

आठ दिवसांनी मीटिंग झाली. गुलमोहराच्या जागेपासून थोडं सरकवून, पाण्याची लाइन सोडून, एक बकुळ लावायचं ठरलं. फाटकाजवळ एक पुत्रंजीव. काकांनी खड्डा खणायचे पैसे दिले आणि मुलाला व्हिडिओ कॉलवर खड्डा दाखवला. तो म्हणाला, "बाबा, हा ओक नाहीये." काका म्हणाले, "माहितीये. तू ये, मग सांगतो."

वाळुंजाची बाटली अजून खिडकीत आहे. मुळं आता तळाला टेकली आहेत, आणि वहिनींच्या माहेरी, मुळशीकडे, ओढ्याला लागून एक तुकडा आहे म्हणतात. पुढच्या रविवारी जायचं ठरतंय.